पाऊणकी येत असेल तर थंडीत धक्क्यावर चला

जानेवारीतली दुपार, अलिबाग-मुरुड पट्ट्यातला एक जुना दगडी धक्का आणि माझ्या हातात मासे धरायची नवी कोरी गरी. चार तास बसलो होतो. मिळकत एक चिंबोरी, तीही वर घेताना सुटली. शेजारी फाटकं जाळं शिवत बसलेल्या नानांना शेवटी राहवलं नाही. "आज कंची तिथ हाय?" मी मोबाइल बघून तारीख सांगितली. "तारीख नाय रं, तिथ! अष्टमी हाय. पानी मेलंय आज. मासा काय चालत येनार तुज्या गरीवर?"

होडीवाला माशाच्या मागे जातो. धक्क्यावरचा माणूस एका जागी बसतो, आणि मासा त्याच्याकडे आणायचं काम पाणी करतं. पाणी थांबलं की मासाही येत नाही. त्यामुळे गरी कुठली, रॉड किती हजारांचा, आमिष कसलं, हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच: पाणी कधी चालणार? आणि थंडीत त्याचं उत्तर पावसाळ्याच्या अगदी उलटं असतं. ते का, हे मला कळायला दोन हिवाळे गेले.

भरती-ओहोटी चंद्रामुळे होते हे शाळेत शिकलेलं असतं. पण चंद्र एक असताना भरती दिवसातून दोनदा का? चंद्राची ओढ जवळच्या वस्तूवर जास्त आणि लांबच्या वस्तूवर कमी असते. चंद्रासमोरचं पाणी सगळ्यात जास्त ओढलं जातं, मधली पृथ्वी त्याहून कमी आणि पलीकडच्या बाजूचं पाणी सर्वांत कमी. म्हणजे पुढचं पाणी जरा पुढे जातं आणि मागचं मागे राहतं. पृथ्वीच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा एकेक फुगवटा तयार होतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो, म्हणून भरती दोनदा. मधल्या काळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे दोन भरत्यांत बरोबर बारा तास नसतात, साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. आज दुपारी एकला पूर्ण भरती असेल तर उद्या ती पावणेदोनच्या पुढेमागे येईल.

इथे पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, कामाला येते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी अशी पाढ्यांची रांगच घोकून घेत. आमच्या पिढीने ती सोडून दिली, पण किनाऱ्यावर पाऊणकी अजून जिवंत आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमी: आठ पाऊणे सहा. एकादशी: सव्वाआठ. पौर्णिमा पंधरावी तिथी, म्हणजे सव्वाअकरा, आणि पुन्हा वद्य प्रतिपदेपासून एकपासून मोजायला सुरुवात. भरतीच्या वेळेत सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ. त्याला इकडे सुकती म्हणतात.

हे गणित इतकं जवळ कसं येतं? अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाचा एक पूर्ण फेरा, चोवीस तास, पुढे सरकते. चोवीस तास भागिले तीस म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. कोणा शहाण्याने ती पाऊण तासावर आणली, कारण अठ्ठेचाळीसचा पाढा होडीत बसून म्हणता येत नाही. तिथीमागे तीन मिनिटांची चूक होते आणि पंधरवड्याच्या शेवटी ती पाऊण तासापर्यंत साचते. म्हणून पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि पाणी बाराच्या सुमारास भरतं. प्रतिपदेला गणित पुन्हा एकपासून सुरू झालं की चूक पुसली जाते. खाडीत जितकं आत जाल तितका आणखी उशीर धरायचा. धक्क्यावर पूर्ण भरलेलं पाणी आतल्या पुलापाशी अजून चढत असतं.

कॅलेंडरवर छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती दुपारी बदलली असेल तर संध्याकाळचं गणित पुढच्या तिथीने करा. आणि हो, मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, भारतीय सर्वेक्षण विभाग मोठ्या बंदरांची छापील कोष्टकंही काढतो. ती बघाच. पण त्यातल्या उंचीच्या आकड्याने गोंधळू नका. 'ओहोटी ०.४ मीटर' म्हणजे धक्क्याखाली तेवढंच पाणी उरेल असा अर्थ नाही. नकाशावरची एक ठरावीक खालची पातळी शून्य धरून तिच्यापासून मोजलेली ती उंची आहे. तुमच्या धक्क्याचा तळ त्या शून्याच्या वर आहे की खाली, हे धक्क्यावर जाऊनच समजतं.

वेळ कळली. पण पूर्ण भरतीची वेळ ही गरी टाकायची वेळ नव्हे, आणि इथे बहुतेक नवे लोक फसतात. तुडुंब भरलेलं पाणी बघून उत्साह येतो, पण त्या क्षणी पाणी उभं असतं. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात पुन्हा एक. मुंबई-अलिबागकडे मोठ्या भरतीला चढ चार मीटरच्या आसपास धरला, तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी मीटरभर पाणी वाढतं. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं. कोळंबी, बारीक मासळी, चिखलातले किडे हलतात ते याच वेळी, आणि मोठा मासा त्यांच्या मागे असतो. माझ्या वहीत गेल्या तीन हिवाळ्यांत लागलेल्या माशांच्या वेळा आहेत. बहुतेक सगळे या मधल्या तासांतले, नाहीतर भरती फिरून ओहोटीला जोर चढताना लागलेले.

आता अष्टमीला पाणी मेलेलं का? सूर्यही पाणी ओढतो, चंद्राच्या ओढीच्या निम्म्याहून थोडं कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात, फुगवटे एकमेकांवर चढतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघं काटकोनात असतात आणि एकाचं काम दुसरा बिघडवतो, तो भांग. भांगाला भरती धड वर जात नाही आणि सुकती धड खाली येत नाही. उधाणाचा खरा जोर पौर्णिमेच्या दिवशी नसतो, एक-दोन दिवसांनी येतो. समुद्र जडच, ढकलल्यावर हलायला वेळ घेणारच.

म्हणून उधाणालाच जावं का? माझं मत नाही. खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या धारेत गरीला वजन म्हणून लावलेलं शंभर ग्रॅमचं शिसंही तळाला थांबत नाही, आणि तंगुसाला, म्हणजे गरीच्या नायलॉन दोरीला, शेवाळ, पिशव्या, कोणाच्या तरी पूजेचं निर्माल्य असं काय काय लटकतं. मला आवडते ती तृतीया ते षष्ठी. पाणी चालतं आणि शिसंही बसतं. मालवणच्या बाजूला गोष्ट वेगळी. तिकडे उधाणालाही फरक दोन मीटरच्या आसपास, त्यामुळे त्यांना उधाण आमच्यापेक्षा जास्त मानवतं.

एवढं सगळं बारा महिन्यांचं झालं. थंडीची खासियत पुढे आहे.

पावसाळ्यात मुंबईत पाणी तुंबतं तेव्हा बातम्यांत ऐकता, 'दुपारी बारा वाजून अमुक मिनिटांनी साडेचार मीटरची भरती'. मोठी भरती दुपारी आणि रात्रीची तिच्यापेक्षा लहान. थंडीत हे उलटतं. डिसेंबर २०२५ मध्ये दत्तजयंतीच्या पौर्णिमेनंतर मुंबईत मध्यरात्रीची भरती पाच मीटरच्या घरात होती आणि दुपारची चार मीटरच्या जरा वर. तेव्हाच ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लोक येत असल्याने त्या भरतीचे इशारेही दिले गेले होते. एकाच दिवसाच्या दोन भरत्यांत जवळजवळ मीटरचा फरक!

कारण आकाशात बघितलं की दिसतं. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, आणि पौर्णिमेचा चंद्र त्याच्या बरोबर समोर, म्हणजे उत्तरेला. म्हणूनच पौषातला पूर्ण चंद्र मध्यरात्री थेट डोक्यावर येतो. मान मोडेस्तोवर वर बघावं लागतं. पाण्याचा एक फुगवटा त्याच्याखाली, म्हणजे आपल्या अक्षांशांकडे, आणि दुसरा पृथ्वीच्या पलीकडे दक्षिण गोलार्धात. मध्यरात्री आपण पहिल्याच्या पोटाखालून जातो, दुपारी दुसऱ्याच्या नुसत्या कडेवरून. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर दक्षिणेत जातो, पण मग समोरचा फुगवटा उत्तरेला येतो आणि तोही मध्यरात्रीच आपल्या वाट्याला येतो. किनाऱ्याची ठेवण, समुद्राची खोली यांनी खरा समुद्र याहून गुंतागुंतीचा होतो, पण आपल्याकडे निकाल हाच लागतो.

गरीवाल्याला याचा फायदाच. उधाणाच्या दिवसांत थंडीतली सगळ्यात खोल सुकती संध्याकाळी सहाच्या आसपास येते. पावसाळ्याआधी ती सकाळी सहाच्या आसपास असते. थंडीत मात्र मावळत्या उजेडात समुद्र आपला तळ उघडा करून दाखवतो. पहिल्या दिवशी गरी घेऊ नका. नुसतं सहाला धक्क्यावर जा आणि खाली बघा. कुठे वाळूचा पट्टा आहे, कुठे चिखल, कुठे कालवांनी भरलेले खडक, पाणी उतरताना कोणत्या घळीतून वाहतंय, कोणत्या खांबाच्या मागे खड्डा पडलाय, सगळं दिसतं. मी एका जुन्या वहीवर असं चित्र काढलं आहे. चौथ्या खांबापासून वीस पावलं उत्तरेला एक बुडालेला नांगर आहे. त्याने माझी सात शिशं खाल्ली होती, तोवर मला तो खडक वाटायचा. आठनंतर पाणी जोराने चढू लागलं की तुम्हाला खालचं सगळं पाठ असतं.

खांबांचं महत्त्व वेगळंच. वाहत्या पाण्यात खांबाच्या मागे थोडं शांत पाणी तयार होतं. मासा तिथे फुकट उभा राहतो आणि दोन्ही बाजूंनी वाहत येणारं खाणं टिपतो. हेकरू, तांबोशी हे त्यातले पक्के घरमालक. तांबोशी गरी गिळताच थेट खांबाकडे पळते. खांबावर कालवं असतात, वस्तऱ्यासारखी. तंगूस त्यांना घासला की संपलं. पहिल्या दोन-तीन हातांत तिला तिथून ओढून काढता आलं तर मासा तुमचा. रात्री धक्क्यावर दिवा असेल तर उजेडात बारीक मासळी जमते. पण गरी उजेडाच्या मधोमध टाकू नका. जिताडा आणि रावस उजेड-सावलीच्या रेघेवर, सावलीच्या बाजूला थांबून असतात.

आणि वारा. शाळेतले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? जमीन लवकर तापते, लवकर थंड होते, पाणी सावकाश. रात्री जमीन गार पडली की हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, ती मतलई. थंडीतल्या रात्री लांब आणि आकाश निरभ्र, त्यामुळे जमीन जास्त गार पडते आणि मतलई पहाटे चांगली जोर धरते. पश्चिमेकडे तोंड करून उभं राहिलात तर वारा पाठीवर येतो. गरी आपोआप चार हात लांब जाते आणि किनाऱ्याजवळचं पाणी तव्यासारखं सपाट असतं. दुपार झाली की समुद्राकडून खारा वारा सुटतो, लाटा उठतात, तंगुसाला पोट पडतं आणि बोटाला काही कळेनासं होतं. दुपारी बसून मी काय कमावलं ते सांगितलंच आहे.

पाण्याच्या थंडीचं मात्र फार मनावर घेऊ नका. विलायती व्हिडिओंत थंडीतली धक्क्यावरची मासेमारी म्हणजे टोपी, हातमोजे, थर्मास आणि थंड पाण्यात येणारा कॉड मासा असतो. तिकडचं पाणी सात-आठ अंशांवर उतरतं. आपलं जानेवारीतही चोवीस-पंचवीसच्या आसपास असतं. मासा गारठून बसत नाही. बदलते ती पाण्याची नितळाई. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ खाली बसतो, खाडीच्या तोंडाशी पाणी निवळतं, आणि मासा आमिष नुसता हुंगत नाही, बघतोही. मग जाडजूड तंगूस आणि चमकणारी कडी त्याला दिसतात. शेवटचा हातभर तंगूस बारीक घ्या. काही रात्री पाणी चमकतं. तंगूस शिरताना निळसर-हिरवी रेघ उमटते, शिसं पडलं की ठिणगी फुटल्यासारखं होतं. बघायला सुंदर, पण माशालाही तीच रेघ दिसते. अशा रात्री मी गरी बाजूला ठेवून चहा पितो.

सामानाबद्दल थोडक्यात. रॉड-रीळ हवंच असं नाही. नानांकडे प्लॅस्टिकच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस आहे आणि तर्जनीवरून सोडलेला तो तंगूस त्यांना कुठल्याही रॉडपेक्षा जास्त सांगतो. गळाचे आकडे उलटसुलट असतात: ८ नंबरचा गळ ४ पेक्षा लहान, १ वर येईपर्यंत मोठा होत जातो, आणि मग १/०, २/०, ३/० असे आणखी मोठे. मुडदुशीसारख्या लहान माशासाठी ८, जिताड्यासाठी २/० ते ४/०. आमिष म्हणून जिवंत कोळंबीला तोड नाही. ती शेपटीजवळून टोचायची, डोक्यातून नाही, म्हणजे धडपडत राहते. नाही मिळाली तर माकुलाची पट्टी, नाहीतर तारलीचा तुकडा. बाजारात सकाळी कोळंबी घेऊन संध्याकाळपर्यंत पिशवीत ठेवलीत तर ती फक्त चिंबोऱ्यांना आवडेल.

बोटाला काय कळतं? मुडदुशी टिकटिक करते, कोंबडीने दाणे टिपावेत तशी. तिला घाई करायची नाही. करकरा दोन झटके देतो आणि वर आल्यावर खरोखर करकर आवाज काढतो, नाव उगाच नाही पडलं. चिंबोरीचा झटका नसतोच, ओली गोणी ओढल्यासारखं वजन येतं, आणि ती पाण्याबाहेर येता येता सोडून देते. जिताडा लागला तर मला शब्दांत सांगायची गरज पडणार नाही.

आता दोन काट्यांची गोष्ट, कारण यात माणसं दवाखान्यात जातात. शिंगाळा धक्क्यावर हटकून लागतो. त्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन दोन्ही बाजूंच्या परांपाशी, दातेरी आणि विषारी. मागच्या थंडीत गळ सोडवताना एक माझ्या अंगठ्यात घुसला. कोपरापर्यंत कळ गेली. नानांनी कोणालातरी चहाच्या टपरीवर पाठवून गरम पाणी आणवलं आणि हात त्यात बुडवून ठेवायला लावला. हे घरगुती खूळ नाही. हे विष प्रथिनांचं असतं आणि उष्णतेने मोडतं, म्हणून भाजणार नाही इतपत, साधारण ४५ अंशांचं पाणी आणि अर्धा ते दीड तास असा हाच उपाय डॉक्टरही सांगतात. पाण्याचा गरमपणा दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासायचा. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही तेच. काटा आत मोडला असेल किंवा छातीपोटात लागला असेल तर सरळ दवाखाना. केंड मासा मात्र उलट. फुगतो म्हणून पोरांना गंमत वाटते, पण त्याचं विष शिजवून, तळून, कशानेही जात नाही. तो सोडून द्या, मांजरालाही घालू नका.

धक्क्याच्या खालच्या पायऱ्या ओल्या हिरव्या दिसल्या की त्यांच्यावर उतरू नका. मध्यरात्रीची भरती मोठी असते हे वर वाचलंत, तर खडकावर उतरून बसलेल्याचा परतीचा रस्ता ती कसा बुडवेल याचाही विचार करा. काही धक्क्यांवर फेरी किंवा सुरक्षेमुळे गरी टाकू देत नाहीत, आधी विचारून घेतलेलं बरं.

लहान मासा सोडायचा का, यावर आमच्या धक्क्यावर रोज भांडण होतं. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवली, पण गरीवाल्याच्या पिशवीत कोण बघतं? जिताड्याचं म्हणाल तर तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. लहान जिताडा उचललात तर मादी होण्याआधीच तो संपला, आणि खूप मोठा उचललात तर अंडी घालणारी मादी गेली. जावयाच्या ताटासाठी मधला पुरतो, असं माझं म्हणणं. नानांचं म्हणणं, "तुला लागल तवा बोल."

येत्या वद्य तृतीयेला जातोय. तीन पाऊणे सव्वादोन, वर नऊ मिनिटं साचलेली, म्हणजे रात्री अडीचच्या आत पाणी भरेल. सुकती आठला. दहा ते बारा पाणी चालेल. जेवून निघालं तरी चालेल, फक्त कोळंबी त्याच संध्याकाळची हवी.